मागच्या हंगामातलं पेट्रोल

काकाने होडीची मोटार ताईच्या वर्कशॉपच्या दारात आणून ठेवली आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वर्षापूर्वी हीच मोटार धरणाच्या पाण्यात बंद पडली होती आणि तिच्या धाकट्या भावाची होडी त्याच्यासकट सांडव्यावरून खाली गेली होती; तो परत आलाच नाही. काकाने चारचौघांत सांगून टाकलं, की पोराने सुरू करताना ओढलेला चोक तसाच ठेवला, मोटार गुदमरली, दुसरं काय होणार. धाकट्याला मोटार चालवायला शिकवली होती ताईने. म्हणजे एका दगडात दोघंही अडाणी ठरले. आणि आता हाच माणूस मोटार विकायची म्हणून दुरुस्तीला तिच्याकडेच आला होता. लाज कशाशी खातात, हे त्याला ठाऊक नव्हतं.

टाकी त्याने धुऊन, पुसून आणली होती. कार्ब्युरेटरसुद्धा लख्ख. इतकी स्वच्छता काकाच्या रक्तात नव्हती.

तिने त्याच सकाळी आणलेलं पेट्रोल भरलं, मोटार पाण्याच्या ड्रमवर चढवली. छान चालली. दुसऱ्या दिवशी हूं की चूं नाही. टाकी उघडली तर आतलं पेट्रोल तपकिरी, जुन्या वार्निशच्या वासाचं. पेट्रोल पडून राहिलं की शिळं होतं, त्याचा डिंक होतो आणि तो कार्ब्युरेटरची केसाएवढी भोकं बुजवतो, हे तिला पाठ होतं. पण त्याला महिने लागतात, एक रात्र नाही.

काकाचाच उद्योग, असं म्हणून तिने दाताखाली दोन शिव्या चावल्या, टाकी ओतली, नवं पेट्रोल भरलं आणि दाराला नवं कुलूप घातलं. सकाळी पुन्हा तेच. त्याच कॅनमधल्या पेट्रोलवर शेजारची मोटार मात्र सुरळीत चालत होती.

तिसऱ्यांदा भरून ती उघड्या टाकीसमोर स्टूल टाकून बसली. भर दुपारी, तिच्या डोळ्यांदेखत, गरम पाण्यात चहा उतरावा तसा तळातून रंग चढत गेला.

तिला भीती वाटली नाही. संतापच आला. तिने काकाला बोलावून घेतलं.

"वास घ्या."

काका वाकला आणि झटक्यात मागे सरला.

"किती जुनं आहे?"

"मेकॅनिक तू. मला काय विचारतेस?"

"मी सांगितलेलं तेव्हा कोणी ऐकलं नाही. तुम्ही सांगा."

काकाने टाकीचं झाकण लावून टाकलं.

"तो गेला त्याच्या मागच्या हंगामातलं. तसंच राहिलं होतं टाकीत. वाटलं, त्याची एक फेरी निघेल."

"आणि चोक?"

"चोक त्याने बरोबरच लावला असणार."

या वाक्यासाठी ती वर्षभर थांबली होती. राग तसूभरही उतरला नाही. त्या भरातच तिने दोरी खेचली. असल्या पेट्रोलवर मोटार सुरू होणं शक्य नव्हतं.

पहिल्या झटक्याला सुरू झाली.

"बंद कर," काका म्हणाला.

तिने बंद करायचं बटण दाबलं. मोटार चालूच. तिने टाकीचा पाइप उपसून काढला. आत उरलेल्या थेंबांवर फार तर दोन मिनिटं चालते. भिंतीवरच्या घड्याळात पाच मिनिटं झाली. मग दहा.

"बंद कर गं."

"मी काहीच करत नाहीये, काका."

तो दाराकडे वळला. ताई त्याच्या आधी दारात जाऊन उभी राहिली.

मोटारीचं हँडल सावकाश फिरलं आणि काकाच्या दिशेला येऊन थांबलं. आवाज चढू लागला. हँडलच्या मुठीच्या काळ्या रबरावर चार खळगे पडले होते, बोटं रुतावीत तसे ओळीने, आणि ते खोल होत चालले होते.