एकाच बीजाचे समुद्र

सागरभाकित केंद्राच्या पडद्यावर पन्नास समुद्र शेजारी शेजारी हलत होते. एरवी सगळे फक्त शेवटचा निकाल बघून उठायचे. आज शमशाद मुकादमनं एका समुद्रावर दुसरा ठेवला, त्यावर तिसरा. प्रवाहाची रेघ तसूभर सरकेना.

"सुलक्षणाताई, हे पन्नास नाहीत. एकच आहे. पन्नासदा छापलेला."

डॉ. सुलक्षणा तांडेल खुर्ची ओढून जवळ आली. संगणकातल्या या समुद्राचं प्रारूप तिचंच होतं. समुद्राचे तिनं चौकोन पाडले होते, एकेक तालुक्याएवढा. लहान भोवरे त्यातून निसटायचे, मोठ्या भोकांच्या जाळ्यातून बारकी मांदेली निसटावी तसे. पण हेच भोवरे मोठ्या प्रवाहाला ढोसून ढोसून त्याची वाट बदलतात. दिसत नाहीत म्हणून सोडून कसे द्यायचे? म्हणून तिनं 'यदृच्छ धक्के' बसवले. यंत्र सोडत काढतं आणि निघेल तसा धक्का प्रवाहाला देतं. दर खेपेला सोडत वेगळी, म्हणून समुद्रही वेगळा. तरीही सगळ्यांचं उत्तर एक आलं, तर ते पक्कं.

मात्र सोडत सुरू करायला यंत्राला एक आकडा द्यावा लागतो, बीजांक. तोच बीजांक पुन्हा दिला की तीच सोडत, पहिल्या चिठ्ठीपासून शेवटच्या चिठ्ठीपर्यंत.

"बीजांक दर खेपेला बदलतो ना गं?"

"बदलायचा. खंडेनवमीला केळुसकर सरांनी यंत्राची पूजा केली, हळदकुंकू वाहिलं आणि स्वहस्ते शुभ आकडा घातला. वर कुलूप घातलं, कुणी हात लावू नये म्हणून. यंत्र बिचारं तेव्हापासून तोच चघळतंय."

शिकलेल्यांची भक्ती ही अशी. देवाला फूल वाहावं आणि देव्हाऱ्याला आग लावावी.

पन्नास समुद्र एकमुखानं म्हणाले होते, प्रवाह किनाऱ्यावरच्या दांडखोल गावावर चढणार, शेजारचं कासवली सुखरूप. सरकारचा नियम सरळ, धोका पक्का असेल तिथेच भिंत. दांडखोलची भिंत मंजूर झाली. कासवली हे सुलक्षणाचं माहेर. तिची आई द्वारकाबाई तेव्हा केंद्राच्या पायरीवर येऊन बसली होती. "तुझ्या कागदात गावाचं नाव घाल गो, इतकंच." त्यावर लेक म्हणाली होती, "आये, गणिताला माहेर नसतं." काय मान ताठ होती तेव्हा!

आता तिनं कुलूप काढलं. खरी सोडत लावली. निम्मे समुद्र दांडखोलवर चढले, निम्मे कासवलीवर.

संचालक केळुसकरांनी दार लोटून घेतलं. "गप्प बसा. खरा समुद्र एकदाच येणार. दांडखोलवर आला, तर आपण द्रष्टे."

"आणि कासवलीवर आला तर?"

"तर अपवाद म्हणू."

"माझी आई राहते तिथे, सर."

"म्हणूनच सांगतो. लोक म्हणतील, बाईनं माहेरासाठी गणित फिरवलं."

तिनं तरीही खरं ते सरकारला कळवलं. धोका दोघांनाही आहे, दोन्ही गावांना भिंत द्या.

उत्तर लगेच आलं. दोन्हीकडे धोका अनिश्चित. नियमानुसार दांडखोलचंही काम रद्द.

सुलक्षणा कासवलीला गेली, तेव्हा द्वारकाबाई अंगणात सुकट पसरत होती. तिनं वर बघितलं नाही.

"दांडखोलच्या बायका येऊन गेल्या. तुझ्या लेकीनं आमची भिंत खाल्ली म्हणाल्या."

"आये, मी खरं सांगितलं."

"सांगितलंस ना. आधी चुकीचं सांगितलंस तेव्हाही असंच तोंड करून सांगितलं होतंस."

"तुझ्यासाठीच केलं गं."

"माझ्यासाठी?" द्वारकाबाईनं सुकटीचा हात पदराला पुसला. "तुझी मावशी दांडखोलात दिलीय, विसरलीस? पाणी चढलं तर तिच्याकडे जायचं ठरवलं होतं आम्ही अख्ख्या वाडीनं. त्यांच्या भिंतीआड."