धूळ नसलेली खाच

"घंटा मी बंद केली नव्हती," खुर्चीत टेकायच्या आतच सिस्टर म्हणाली. "पण रुग्ण गेला. उद्याच्या चौकशीत खापर माझ्यावर फुटलं की नोकरी गेली आणि परवानाही."

मास्तरांनी तिला पाणी दिलं. शाळा सोडून ते तपासाच्या धंद्यात पडले, तरी लोक त्यांना मास्तरच म्हणत. शेजारी त्यांचा मेव्हणा होता. दिसेल त्या पहिल्या माणसाला गुन्हेगार ठरवून मोकळं व्हायचं, ही त्याची तपासाची पद्धत.

"दुपारी मी दुसऱ्या रुग्णाला सलाईन लावत होते," सिस्टर सांगू लागली. "कोपऱ्यातल्या आजोबांचे ठोके घसरले तर घंटा वाजायला हवी. वाजली नाही. वळून पाहिलं, तर पडद्यावर आकडा खाली आलेला. तोवर उशीर झाला होता."

ती रडली नाही. दोन दिवस रडून झालं असावं.

रुग्णालयात डॉक्टर तुटकपणे बोलले. "घंटा मी स्वतः तपासली. ठणठणीत आहे. म्हणजे तेव्हा कोणीतरी बंद केली, आणि तिथे तीच होती."

"पटलं," मेव्हणा म्हणाला.

वॉर्डची आया मात्र दारावर वैतागली होती. "त्या दुपारी ओळखीचं कार्ड दाराला टेकवून टेकवून हात दुखला, पण दार उघडेना. शेवटी एका नातेवाइकानं आतून उघडलं. आत पाऊल टाकते तर आजोबांपाशी धावपळ! नंतर दार आपसूक सुरू झालं."

तळघरातल्या संगणकखोलीत अंधूक उजेड होता. तिथला तंत्रज्ञ म्हणजे सिस्टरचा धाकटा भाऊ. तिनेच शब्द टाकून त्याला इथे चिकटवलं होतं.

"या एका जुन्या संगणकाच्या पोटात अनेक आभासी यंत्रं, म्हणजे नुसत्या सॉफ्टवेअरचे संगणक, चालतात," त्याने सांगितलं. "एक वॉर्डच्या घंटेचं आणि पडद्याचं, एक दारांचं. प्रत्येकाला पेटीतल्या खाचेत बसवलेलं त्याचं इलेक्ट्रॉनिक कार्ड थेट जोडून दिलंय. काही घडलं की कार्ड तारेवरून हाक मारतं. संगणक ती आतल्या यंत्राला पोचवतो आणि 'पाहिलं' असं उत्तर येईपर्यंत ती तार बंद ठेवतो. तारा थोड्या, कार्डं जास्त, म्हणून शेजारशेजारच्या खाचांना मिळून एकच तार. तरी चालतंय."

"पडद्यावरचे आकडेही हाकेनंच येतात?" मास्तरांनी विचारलं.

"नाही. ते वॉर्डचं यंत्र स्वतःच वाचत राहतं."

"ही पेटी शेवटची कधी उघडली?"

"बसवल्यापासून कोणी हात लावलेला नाही."

मास्तरांनी झाकण काढायला लावलं. मेव्हण्याला सटासट शिंका आल्या. आत धुळीचा जाड थर होता. दारांच्या कार्डाशेजारची रिकामी खाच तेवढी स्वच्छ होती. घंटेचं कार्ड पार दुसऱ्या टोकाला होतं.

संध्याकाळी मास्तरांनी सगळ्यांना त्याच खोलीत बोलावलं.

"आकडा दिसत होता, घंटा मुकी होती. म्हणजे वॉर्डचं यंत्र चालू होतं, फक्त हाक पोचत नव्हती. त्याच वेळी दारही अडलं. का? कोणीतरी दारांचं यंत्र थांबवलं होतं. आयानं कार्ड टेकवलं, दाराच्या कार्डानं हाक मारली. थांबलेलं यंत्र उत्तर कसं देणार? तार बंदच राहिली. घंटेचं कार्ड त्याच तारेवर असेल, तर त्याची हाकही तिथेच मेली."

"असेल तर," डॉक्टर म्हणाले.

"नुसती वापरात नसलेली खाच धुळीनं भरते. ही स्वच्छ आहे, कारण परवापर्यंत तिच्यात कार्ड होतं." मास्तर तंत्रज्ञाकडे वळले. "घंटेचं कार्ड परत इथे लाव. दारांचं यंत्र थांबव. आया दाराला कार्ड टेकवील, मग डॉक्टर घंटा तपासतील. वाजली, तर मी तुझी माफी मागेन."

तंत्रज्ञाने हात पुढे केला नाही.

"दारांच्या यंत्राची नक्कल, बॅकअप काढायला ते थांबवलं होतं," तो शेवटी म्हणाला. "दिवसा काढायची परवानगी नव्हती. दाराचं तेवढं अडेल, वाटलं. आजोबांचं कळल्यावर तारेचं लक्षात आलं आणि घाबरून कार्ड हलवलं. ताई, मला वाटलं तू जुनी माणूस, तुला समज देऊन सोडतील."

मेव्हणा पेटीचं झाकण परत बसवू लागला.

सिस्टर सुटली होती, पण तिच्या चेहऱ्यावर तसं काही दिसेना. भावाची चुरगळलेली कॉलर तिने सवयीने नीट केली.

"चौकशीत मास्तर सांगतील," ती म्हणाली. "आईला कोण सांगणार?"