डाव्या कानामागे

नोव्हेंबरच्या पहिल्या सोमवारी आम्ही मातीचा हौद उघडतो. विद्यापीठाच्या शिल्पशाळेच्या मागच्या भिंतीला लागून तो आहे, बारा फूट लांब, सहा फूट रुंद आणि माझ्या छातीएवढा खोल. वर लाकडी फळ्या आणि ओली पोती. त्यातली माती साठ वर्षांपूर्वी कोणीतरी आणली आणि तेव्हापासून तीच फिरून फिरून वापरात आहे. सहा जानेवारीच्या मिरवणुकीत आमची शेवटच्या वर्षाची मुलं रथावर जी पुरुषभर उंचीची डोकी चढवतात, ती सगळी याच मातीवर घडतात. सांगाड्यावर माती चढवायची, चेहरा घडवायचा, मग खळ लावून कागदाचे थर. पहिला थर अगदी पातळ कागदाचा, म्हणजे मातीवरची रेघ न् रेघ उतरते. वाळलं की कागद उभा चिरून दोन अर्धी सोडवायची, जोडायची, रंगवायची. माती परत हौदात. पास्तो शहरात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

मी लिबार्दो इन्सुआस्ती. एकतीस वर्षं इथे शिल्प शिकवतोय. शिकवतोय म्हणजे मापं घेतो, सांगाडे तपासतो, पोरांना ओरडतो. ही गोष्ट घडली तोवर स्वतःचं डोकं मी एकदाही रथावर चढवलेलं नव्हतं. माझा हात त्या दर्जाचा नाही, हे मला तेविसाव्या वर्षीच कळलं आणि त्याबद्दल मी कुणाजवळ रडलेलो नाही.

मला शिकवलं पान्तोहा मास्तरांनी. त्यांच्या दोन गोष्टी आम्ही अजून पाळतो. एक म्हणजे काम संपलं की मातीच्या डाव्या कानामागे घडवणाऱ्यानं आपला अंगठा दाबायचा. तीच सही. आणि दुसरी, हौदात टाकण्याआधी चेहरा फोडायचा. पहिला घाव नाकावर.

"का पण?" मी एकदा विचारलं होतं.

"फोड म्हटलं ना? तोंड कसलं चालवतोस!"

गुठळ्या राहू नयेत म्हणून असेल, अशी मी माझी समजूत करून घेतली.

मास्तर गेले डिसेंबरात, ऐंशीव्या वर्षी, कामावर असतानाच. त्यांचं शेवटचं डोकं तोंडाशिवाय राहिलं होतं. एका म्हातारीचा चेहरा, रुंद कपाळ, मिटायला आलेले डोळे, आणि नाकाखाली नुसता सपाट गोळा. "हिला काय बोलायचंय ते कळलं की तोंड करीन," असं ते म्हणायचे. जानेवारीत मी हातोडा घेऊन त्या डोक्यासमोर अर्धा तास उभा राहिलो. हात उचलेना. शेवटी कप्पीला टांगून, दोन हमाल लावून ते तसंच, शाबूत, हौदात उतरवलं आणि फळ्या टाकल्या. कुणाला सांगितलं नाही. मला रडू आलं होतं, हेही सांगितलं नाही.

पुढच्या नोव्हेंबरात हौद उघडला तेव्हा पहिल्या वर्षाच्या पोरांनी चार दिवस माती पायांनी तुडवली. तुडवलेली माती म्हणजे तुडवलेली माती, तिच्यात काही शिल्लक राहत नाही, हे मी तिथे उभं राहून पाहिलंय. आमच्याकडे त्या दिवसांत थंडी अशी असते की पोरं तुडवताना शिव्या घालतात आणि दर दहा मिनिटांनी गुळाच्या गरम पाण्याकडे धावतात.

त्या वर्षी मोठं डोकं निदिया बोतिनाच्या वाट्याला आलं. ही मुलगी सरोवराकाठच्या गावातली, एल एन्कानोची. बारीक, अबोल, कामाला वाघ. मास्तर असताना ती दुसऱ्या इमारतीत चित्रकलेच्या वर्गात होती, त्यांना तिनं कधी पाहिलेलंही नव्हतं. पहिला गोळा उचलून ती म्हणाली, "प्रोफे, माती ऊनऊन आहे."

मी हात घातला. बर्फ.

"ताप आलाय का तुला?" मी म्हटलं.

पोरं हसली. तीही हसली, पण हात मातीतच ठेवला.

तिसऱ्या आठवड्यात हसणं थांबलं. चेहरा असा येत होता की इतर मुलं स्वतःची कामं सोडून तिच्या पाठीमागे येऊन उभी राहायची. एवढ्या कोवळ्या वयात गालाचं मांस हाडावरून कसं ओघळतं हे हिला कुणी शिकवलं? मी तरी नाही. कुजबुज सुरू झाली की हिच्या मामाची रथ बनवायची कार्यशाळा आहे, तिथला कारागीर येऊन काम करून जातो.

विभागप्रमुख आम्पारो साम्ब्रानोबाईंनी मला बोलावलं. त्यासुद्धा मास्तरांच्याच हाताखालच्या, माझ्या मागच्या तुकडीतल्या.

"लिबार्दो, हे बावीस वर्षांच्या पोरीचं काम नाही."

"वाटत नाही खरं."

"मग लक्ष ठेव. दुसऱ्याचा हात लागल्याचं सिद्ध झालं तर पदवी नाही आणि मिरवणूकही नाही. मला उगाच कुणाचं नुकसान नकोय. पण मला उल्लू बनवलेलंही नकोय."

मी लक्ष ठेवलं. कुलूप बदललं, किल्ली माझ्या गळ्यात. निदिया सकाळी आठला यायची आणि पाचला गावाची शेवटची गाडी पकडायची. ती गेली की मी कंपासनं मापं घ्यायचो, सकाळी पुन्हा घ्यायचो. केसभर फरक नाही. रोज तो चेहरा तिनंच, माझ्या डोळ्यांदेखत, दिवसाढवळ्या घडवला. यात मला आजही शंका नाही.

शंका दुसरीच होती. कपाळाची रुंदी चौऱ्याऐंशी सेंटिमीटर भरली तेव्हा मी थबकलो. घरी जाऊन गेल्या वर्षीची वही काढली. मास्तरांनी घडवलेल्या त्या शेवटच्या डोक्याची मापं मीच घेतली होती. कपाळ चौऱ्याऐंशी. डोळ्यांमधलं अंतर, नाकाची लांबी, डावा गाल उजव्यापेक्षा सव्वा सेंटिमीटर खाली. ओळीनं सगळं तेच. मी वही मिटली, पुन्हा उघडली. बायकोनं विचारलं, "काय झालं हो?" मी म्हटलं, "काही नाही, ॲसिडिटी."

दुसऱ्या दिवशी मी निदियाला विचारलं, "ही म्हातारी कोण गं?"

ती बावरली. "मला वाटलं तुम्ही ओळखत असाल."

"मी कशाला ओळखीन?"

"तुम्ही बघताच तसं, प्रोफे. ओळखीच्या माणसाकडे बघावं तसं." मग हळूच म्हणाली, "मी काही ठरवून करत नाही. हात फिरवते. जिथे ऊन लागतं तिथे थांबते."

"आणि तोंड?"

"तोंड आज होईल."

झालं. सकाळी दहा ते दुपारी तीन. मी खुर्ची टाकून समोर बसलो होतो, जेवायलाही उठलो नाही. ओठ किंचित उघडे, खालचा ओठ जरा पुढे, बोलायच्या आधी माणूस श्वास घेतं ना, तेवढंच. मास्तरांना जे शेवटपर्यंत सापडलं नव्हतं ते मी सापडताना पाहिलं. मनात पहिल्यांदा आलं ते असं की बरं झालं, आपण हे बघायला जिवंत आहोत.

निदियानं डाव्या कानामागे अंगठा दाबला. मी शिडीवर चढून बॅटरीच्या उजेडात पाहिलं. एक ठसा. वहीत लिहिलं, तारीख टाकली, सही केली. त्याच दुपारी माझ्यासमोर पहिला थर चढला.

कागद चिरायला परीक्षक म्हणून आम्पारोबाई स्वतः आल्या. मामाच्या कार्यशाळेची गोष्ट त्यांच्या डोक्यातून गेली नव्हती. पाती मी चालवली, आणि माझ्याच मूर्खपणानं उजव्या अंगठ्यात खोलवर घुसवली. रुमाल गुंडाळला आणि काम पुरं केलं, टाके संध्याकाळी घालून घेतले. चौघांनी मिळून डावं अर्धं सोडवून जमिनीवर पालथं... नाही, उताणं ठेवलं, आतली बाजू वर.

मातीतला खळगा कागदावर उंचवटा होऊन येतो. त्यामुळे आतून पाहिलं तर कानामागे एक अंगठा बाहेर आलेला दिसायला हवा होता.

तिथे रांग होती.

वरचे पुसट, नुसते फुगीर. खाली येईल तसे स्पष्ट, रेषांसकट, वेगवेगळ्या मापांचे. भिंतीपलीकडून कुणी एकामागून एक अंगठे दाबावेत तसे.

"वा!" आम्पारोबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला होता. "अख्खी कार्यशाळाच आली होती म्हणायची! निदिया, काही बोलायचंय?"

निदियाचा चेहरा पांढरा पडला. "मी एकदाच दाबला, मॅडम. आईशपथ एकदाच. प्रोफेंनी पाहिलंय."

"पाहिलंय," मी म्हटलं. "एकच होता. वहीत आहे."

"मग हे काय आहे, लिबार्दो? तूही सामील आहेस का?"

मी गुडघ्यावर बसलो. "बाई, जरा इकडे या. हा बघा. खालून सहावा."

त्या वाकल्या. तो अंगठा चपटा होता, टोकाला बशीसारखा, आणि अर्ध्या भागावर रेषाच नव्हत्या. तरुणपणी हातोडा बसलेला. त्या अंगठ्यानं आम्हा दोघांच्या कामावर शेकडो वेळा दाबून दाखवलं होतं, इथे कमी आहे, इथे जास्त आहे.

बाईंनी बोट पुढे केलं, पण लावलं नाही.

"त्यांना आपणच पुरलंय," त्या म्हणाल्या.

"हो. पेटीला खांदा मीच दिला होता."

मग बाईंनी पर्समधून पेन काढलं, गुडघ्यावरच परीक्षेचा कागद ठेवून सही केली, आणि निदियाचा मातीनं माखलेला हात आपल्या दोन्ही हातांत धरला. "पोरी, जा मिरवणुकीत," एवढंच म्हणाल्या. डोळे पुसायला त्यांनी रुमालही काढला नाही, बाहीच वापरली.

जाताना निदियानं विचारलं, "आतलं डोकं फोडू ना, प्रोफे?"

मी म्हटलं, "नको. राहू दे तसंच."

सहा जानेवारीला रथ निघाला. त्या दिवशी आमच्याकडे माणूस माणसाला पांढऱ्या पावडरीनं माखतो, फवारलेला फेस तोंडात जातो, ढोलांनी कान बसतात. म्हातारीचं डोकं कोपऱ्यावरून वळलं आणि त्या कोपऱ्यावरचे ढोल थांबले. मग पुढच्या कोपऱ्यावरचे. लोकांनी टोप्या काढल्या. पावडर फेकायला उचललेले हात तसेच राहिले. कुणालाही विचारलं तर का ते सांगता आलं नसतं, पण सगळे ऐकत असल्यासारखे उभे होते. मीही ऐकत होतो. निदिया रथावर उभी राहून घळाघळा रडत होती.

पाती लागल्याला पंधरा दिवस झाले तेव्हा माझ्या अंगठ्याचे टाके निघाले. तिरकी रेघ उरली आणि तिच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन ठिपके.

तेव्हा मला आठवलं. मी तडक शाळेत गेलो. मिरवणुकीनंतर ते डोकं दालनात ठेवलं होतं, मानेतून आत शिरता येतं. आत शिरलो. मास्तरांच्या खाली निदियाचा अंगठा. निदियाच्या खाली जो होता, त्याच्यावर त्या दिवशी मला कागदाची सुरकुती वाटली होती. तिरकी रेघ. दोन-दोन ठिपके. मी माझा अंगठा शेजारी धरला.

पाती लागायच्या आधी तीन आठवडे ती माती कागदाखाली बंद झाली होती. तारीख माझ्याच वहीत आहे.

बाहेर आलो, हौदाच्या फळ्या सरकवल्या आणि कोपरापर्यंत हात घातला. ऊनऊन होती.

त्या नोव्हेंबरात, पंचावन्नाव्या वर्षी, मी माझं पहिलं डोकं घडवलं. ते कसं झालं हे मी सांगणार नाही, लोकांना विचारा. लोकांनी टोप्या काढल्या होत्या.

माझ्या ठशाच्या खाली आणखी तीन आहेत. त्यांतले दोन मला अजून सापडलेले नाहीत. नवीन तुकडी आली की मी पोरांची नावं नंतर विचारतो, आधी त्यांचे हात बघतो. मुलं मला चक्रम समजतात, समजू देत. तिसरा ठसा सगळ्यांत खालचा, आणि विद्यापीठात येणाऱ्या कुणाचाच अंगठा एवढा लहान नसतो. त्याच्या खाली कागद कोरा आहे. जागा भरपूर आहे, पण कोरा आहे.

निदिया आता आमच्याकडेच शिकवते. गेल्या सोमवारी हौद उघडताना तिनं मुलीला बरोबर आणलं होतं, चार वर्षांची आहे, घरी सांभाळायला कोणी नव्हतं. आम्ही दोघं पोती उचलत होतो. पोरं थंडीच्या नावानं शिव्या घालत होती. ती चिमुरडी कधी काठाशी गेली कळलंच नाही. तिनं हात आत घातला होता, आणि आईकडे वळून हसत होती.

"आई," ती म्हणाली, "माती ऊनऊन आहे."