दरीतल्या निवळ पाण्याचा माग

हिवतापाचे डास नेमके कुठे जन्मतात, ते शोधायला दामिनी आणि उद्धव मेळघाटातली ती दरी चढत होते. दामिनी अमरावतीची कीटकशास्त्रज्ञ, उद्धव अकोटचा आरोग्यसेवक. पायथ्याच्या वस्तीत फवारणी झाली होती, मच्छरदाण्या टांगल्या होत्या, तरी ताप हटत नव्हता. तिथल्या गरोदर चंदाला तर तापात बेशुद्धावस्थेत जीपनं परतवाड्याच्या दवाखान्यात न्यावं लागलं होतं. ती आता कुठे सावरत होती.

शेवाळलेल्या खडकांवरून पाय सटकत होते. एका वळणावर उद्धवनं दामिनीचा दंड घट्ट धरला.

"हलू नका, मॅडम!"

समोर गवा! काळाकभिन्न डोंगरच जणू. दोघांनी श्वास रोखला. त्यानं फुरफुरून मान झटकली, वळला आणि बांबूत शिरला. एवढं धूड, पण पान वाजलं नाही!

माथ्याजवळ खडकाच्या खळग्यांत काचेसारखं निवळ पाणी साचलं होतं. दामिनी पालथी पडून पाहू लागली. पाण्याच्या पृष्ठभागालगत आडव्या तरंगणाऱ्या असंख्य अळ्या! एका कोषातून डासाची मादी अलगद वर आली आणि पाण्यावरच उभी राहून पंख वाळवू लागली.

"हिच्यातच हाय हिवताप?" उद्धव कुजबुजला.

"नाही. जन्मताना ती कोरी असते. आजारी माणसाला चावली की त्याच्या रक्तातले परजीवी हिच्या पोटात वाढतात. मग ती दुसऱ्याला चावते."

"म्हंजे आपूनच तिले देतो?"

"हो. आणि ती आपल्याला परत करते."

उद्धव त्या इवल्या पंखांकडे बघतच राहिला.

"अळ्या मारायचं औषध टाकू का पान्यात?"

"नको, जनावरं पितात इथलं पाणी. ते बघ!"

पुरात आलेलं सागाचं खोड आडवं पडून ओढा दुसरीकडे वळला होता, म्हणून खळग्यांतलं पाणी वाहायचं थांबलं होतं. वरच्या डोहात मात्र अळ्या खाणारे मासे होते, आणि तिथे एकही अळी नव्हती.

दोघांनी जाड फांदी खोडाखाली घातली. जोर लावला. खोड करकरलं. सुटलं! पाण्याचा लोंढा उसळला. उद्धवचा पाय निसटला. दामिनीनं त्याच्या पाठपिशवीचा पट्टा पकडला आणि सारं अंग मागे टाकून त्याला ओढलं. डोळ्यांदेखत खळगे धुऊन निघाले.

मच्छरदाण्या, रुग्णांना पूर्ण औषध आणि मोकळा ओढा! हिवाळ्यात सगळ्या वस्तीचं रक्त तपासलं. रक्ताच्या शेवटच्या काचपट्टीवर उद्धवनं सूक्ष्मदर्शकातून नजर लावली. स्वच्छ, गोल, तांबड्या पेशी. पार कडेपर्यंत.

"मॅडम, मले काहीच नाही दिसून राहिलं!"

"बघ अजून," दामिनी हसली. "हेच तर बघायचं होतं."