गुंडीच्या अठ्ठावीस दिवसांच्या गोळ्या

थोरल्या वहिनीला जुळी झाली, त्याच वर्षी तिच्या शिंपीण नणंदेची कुत्री खोकू लागली. कुत्रीचं नाव गुंडी. नणंद तिला उचलून जनावरांच्या दवाखान्यात शिरली ती थेट कंपाउंडरवर आदळली.

हृदयात कृमी आहेत, असं डॉक्टरांनी सांगितलं. गोळ्या मात्र कंपाउंडरने दिल्या.

"सकाळ-संध्याकाळ, खाण्याबरोबर, अठ्ठावीस दिवस. मग इंजेक्शनं. तोवर पळू द्यायचं नाही."

"कृमींसाठी या गोळ्या?"

"कृमींच्या अंगात जंतू राहतात, ते या गोळ्यांनी मरतात. भाडेकरू गेले की घरमालक खचतो ना... तसं."

ती हसली, हसायचं नसताना.

घरी दादा म्हणाला, "तान्ही पोरं आहेत. हिला बाहेर काढ."

"हा रोग डासांमुळे होतो, खोकल्याने पसरत नाही. ती इथेच राहील."

गुंडी गोळी थुंकायची. मग कंपाउंडरच दोन्ही वेळा येऊ लागला. उकडलेल्या अंड्यात गोळी दडवून भरवायचा. बोटं पुसायला ती कापडाचा तुकडा द्यायची, रोज नव्या रंगाचा.

"तुकडे जातात कुठे?"

"खिशात."

"चोर आहात."

"मग सांगा दादांना..."

चौथ्या दिवशी ती म्हणाली, "गोळी मीच अंड्यात घालून ठेवत जाईन. तुम्ही फक्त भरवा."

विसाव्या दिवशी सकाळी दादाने पाहिलं – गुंडी तिच्याच हातून गोळी खात होती, शेपटी हलवत. शेजारच्या बशीत दुसरं अंडं तयार होतं.

"तुझ्या हातून खाते? केव्हापासून?"

"तिसऱ्या दिवसापासून."

"मग तो कशाला येतो?"

कंपाउंडर दारातच उभा होता. तिने त्याच्याकडे पाहिलं, पण मान खाली घातली नाही.

"मला हवा असतो म्हणून. गोळ्या संपल्यावरही येईल."

"लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. मी मशीनवर बसलेली असते, तोंडावर येऊन म्हणावं."

दादा कंपाउंडरकडे वळला. "तुम्हाला फसवलंय हिने. अंड्यात गोळी नसतेच."

"माहीत आहे," तो म्हणाला. "यांनी भरून ठेवलेलं पहिलंच अंडं फोडून पाहिलं होतं..."

तिचे कान लाल झाले. दादा पाय आपटत आत गेला. गुंडीने दुसरं अंडंही खाल्लं.

लग्नाच्या दिवशी त्याने सगळे तुकडे परत केले. तिने ते जोडून गुंडीला अंथरूण शिवलं.

जुळी चौथीत गेली त्या वर्षी, जूनमध्ये, गुंडी त्याच अंथरुणावर म्हातारपणाने वारली.