एकापासून मोजणारा

हसू नका रं. पृथ्वीराज, तो मोबाईल पालथा ठेव आदी. ही काय ऐकीव गोष्ट न्हाय, आपल्या गुरुराजची हाय.

गेल्या साली, मार्गशीर्षातली अमावस्या, शुक्रवार. दिवेलागणीला गुरुराज माझ्याकडं ऑफिसची चावी मागायला आला. अक्कलकोट रोडचा आमचा चादरीचा कारखाना, स्टोअर मी बघायचो, म्हणून चावीबी माझ्याकडं.

"काका, प्रोग्राम नव्या कॉम्प्युटरवर चढवायचाय. सकाळी गाडी भरायचीय."

मी म्हणलं, "जा की."

प्रोग्राम होता रुद्रप्पाचा, गुरुराजच्या आदी कॉम्प्युटर तोच बघायचा. म्हातारा वारून तवा वरीस झालं होतं, पर कारखान्यात नाव त्याचंच. गुरुराजनं काहीबी केलं की मालक म्हणायचे, "चांगलंय, पर रुद्रप्पा असता तर..." पोराच्या लई पोटात दुखायचं. मेलेल्या माणसाचा हेवा! जित्याला निदान हरवता तरी येतं.

आता नीट ऐका. गठ्ठ्यांवर गावाच्या नावाच्या चिठ्ठ्या चिकटवतात, त्या हा प्रोग्राम छापायचा. जुना कंपायलर, म्हणजे प्रोग्राम मशीनच्या भाषेत बदलणारा, नावातली अक्षरं एकापासून मोजायचा, नवा शून्यापासून मोजतो. जुनं लिहिलेलं तसंच चढवलं की पहिलं अक्षर सुटतं, दुसऱ्यापासून छापतं. करकंबचं होतं रकंब. गुरुराजला हे ठाऊक होतं. दुरुस्ती त्याच्या हातचा मळ. त्यानं केली न्हाय. मुद्दाम. सकाळी बिनमुंडक्याच्या चिठ्ठ्या निघू देत, मालकानं एकदा तरी रुद्रप्पाला शिव्या घालू देत, मग आपण निस्तरू... असा बेत. त्यानंच मला सांगितलं नंतर.

छपाई सुरू केली. पहिली चिठ्ठी उचलली.

करकंब. अख्खं.

दुसरी, मोडनिंब. तीबी अख्खी.

प्रोग्राम उघडून बघितला. एक ओळ बदललेली नव्हती. मग चिठ्ठ्या नीट कशा?

मागनं कुणीतरी घसा खाकरला.

"ओंदु..."

रुद्रप्पा कन्नडमधनं मोजायचा. बोटावर. एकापासून.

एक चिठ्ठी बाहेर आली.

"एरडु..."

अजून एक. गुरुराज वळला. त्याची सोताची खुर्ची रिकामी. पर तिची गादी... दबलेली.

"मूरु..."

त्यानं वायर उपसली. प्रिंटर थांबला न्हाय.

तवा तो ओरडला, "मेलास की! मेल्यावर तरी माझी जागा सोड की!"

मग... काय न्हाय.

लई वेळ काय न्हाय.

आणि एकदम कानाशी...

"सोन्ने."

म्हणजे शून्य.

लाइट गेली. पोरगं अनवाणी पळत कारखान्यामागं माझ्या खोलीवर आलं. रातभर तितंच बसून राहिलं.

सकाळी गाडी भरली. मालक चिठ्ठ्या बघून म्हणाले, "बघ गुरुराज, ह्याला म्हणत्यात रुद्रप्पाचं काम!" गुरुराज खाली मान घालून उभा.

मीच त्याला घरी सोडायला गेलो. दाराला त्याच्या नावाची पितळी पाटी, सासऱ्यानं लग्नात दिलेली, अक्षरं खोल कोरलेली. त्याची बायको चंद्रिका पाटीफुडंच उभी.

"काका, हे कुणी केलं?"

मी बोट फिरवून बघितलं. घासलेलं न्हाय. ओरखडा न्हाय. पहिल्या अक्षराच्या जागी पितळ गुळगुळीत, तितं कधी काय कोरलंच नव्हतं असं. आणि त्याच्या फुडं नुसतं...

रुराज.