आवळलेल्या नळ्या

गुन्हेगार मागे खूण ठेवतोच, असं तपासाचं शास्त्र सांगतं. न्हावऱ्यात ती खूण म्हशीनं खाल्ली होती.

कस्तुराबाईंचा फोन आला तशी डॉक्टर रश्मींनी दौंडहून गाडी काढली. कस्तुराबाईंनी नवऱ्याला, साहेबरावांना, आपली किडनी दिली होती. शरीरानं ती परकी म्हणून नाकारू नये यासाठी औषध चालू होतं. त्याचं रक्तातलं प्रमाण अचानक दुप्पट आलं होतं. साहेबरावांचं बीपी भडकलेलं, हात थरथरत होते. गोळ्या द्यायची सून, दीक्षा. तिचा नवरा रांजणगावला कारखान्यात पाळीवर, म्हणून तिची बाजू घ्यायलाही कुणी नव्हतं. तिला कोठीच्या खोलीत घालून बाहेरून कडी लावली होती. शिरूरहून हवालदार निघाला होता.

"हिनंच जादा दिल्या," कस्तुराबाई म्हणाल्या. "माझी किडनी जळतीया, म्याडम."

रश्मींनी पाकिटं तपासली. गोळ्यांचा हिशेब चोख होता. त्या कोठीच्या दाराशी गेल्या.

"दीक्षा, आबा नीट जेवतात?"

"निम्मं ताट परत येतं. म्हणतात, पोट भरलंय." मग आतूनच तिनं विचारलं. "हवालदार नेणार, का हीच कोठडी चालंल त्यांना?"

साहेबरावांच्या खिडकीला जंतूंच्या भीतीनं जाळी ठोकलेली. एका कोपऱ्यात ती सुटली होती. बाहेर म्हैस समोरची वैरण सोडून खिडकीकडे तोंड करून उभी.

"खिडकीशी कोण येतं, आबा?"

"कोण येतंय? आपरेशन झाल्यापासनं जेलात हाय मी."

"मग म्हैस कुणाची वाट बघतीय?"

साहेबरावांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

रश्मी बाहेर जाऊन आल्या. गव्हाणीत सापडलेल्या बिया त्यांनी उशाशी ठेवल्या.

"पपनस. कोण देतं?"

"शेजारचा हरिबा. बीपीला चांगलं म्हणला."

"तुमच्या औषधानं रक्तवाहिन्यांच्या पेशींत कॅल्शियम वाढतं. मग पेशी आवळतात, नळी अरुंद होते, बीपी चढतं. म्हणून ते मोजून द्यायचं. त्यातलं बरंचसं आतड्यातच मोडतं. पपनस ते मोडूच देत नाही. गोळी तेवढीच, रक्तात जातं दुप्पट. दीक्षानं काही केलेलं नाही. फोडी तुम्ही खाल्ल्या, साली म्हशीनं."

"बाहेरचं तेवढंच मिळत व्हतं," साहेबराव पुटपुटले.

"आन् पोरीला कोंडली तवा गप बसलात व्हय?" कस्तुराबाईंनी विचारलं.

"बोललो असतो तर तू खिडकी बुजवली असतीस."

कडी निघाली. दीक्षा बाहेर आली, तांब्याभर पाणी प्यायली.

"आता गोळ्या तुमच्या तुम्ही बघा," ती म्हणाली.

रात्रीची गोळी दीक्षानंच दिली. बाकी कुणाला वेळा माहीत नव्हत्या.